साडीची जाळी

चाक थांबलं. म्या ब्रेक दाबला नव्हता, चाकच थांबलं, जसं मागून कोणी धरलं. मले वाटलं ओढणी गेली तारात. मंग मागं बसेल माह्या लेकीनं, ईशूनं, श्वास आत घेतला, लांब, अन् तो श्वास बाहेर येईचना. मी वळून पाहलं तं तिचं तोंड उघडं, डोळे उघडे, आवाज नाही. डावा पाय घोट्याच्या खाली दिसूनच नाही राह्यला. तो चाकात होता. टाच चाकाच्या तारात अन् सायकलच्या दांडीत आवळलेली, गुलाबी चपलेवरचं फूल तेवढं तारातून बाहेर आलेलं. मंग तो श्वास बाहेर आला. तो आवाज कसा होता ते म्या अजून कोणाले सांगतलं नाही, इथंही नाही सांगत.

मी एक पाय टेकवून उभी. सायकल माह्या कमरेवर झुकलेली, एका हातात हँडल, दुसरा हात मागं, पोरीच्या पाठीले. सायकल सोडली तं ती पोरीसकट पडते. स्टँडवर लावावं तं चाक उचलते अन् फिरते. चाक मागं फिरवलं तं पाय निघन का अजून आत जाईन, मले काय मालूम. पांदणीत, वावरायच्या मधल्या वाटेत, माणूस नाही. दोन्हीकून सोयाबीन सोंगायले, कापायले, आलेलं, वाळेल शेंगा वाऱ्यानं खुळखुळून राह्यल्या. दूर कोणाच्या तरी वावरात थ्रेशर चालू, तिथं दहा माणसं असतील, पण थ्रेशरजवळ उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. दोन हात होते मले, दोन्ही गुंतलेले.

तवा मी मामाजीले हाक मारली. मामाजी म्हणजे माहे सासरे. आमचं वावर दोन धुरे, म्हणजे बांध, टाकून होतं, तिथं ते सोंगत होते. मी सासऱ्याले कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती, लग्न होऊन सहा वर्सं झाली तरी. त्या दिवशी मारली. साऱ्या शिवारात गेली असन.

आज सकाळी तोच खुळखुळाट ऐकला. मी भाकरीचा डबा घेऊन वावरात चालली होती, धुऱ्यावर वारा सुटला, शेंगा वाजल्या, अन् माह्या हातातला डबाच खाली ठेवला मी. वरीस झालं. परत अश्विन आला, परत दव पडून राह्यलं, कापसाच्या पराट्यायची बोंडं फुटली, दसऱ्याचे झेंडू बांधावर पिवळे झाले. सारं तसंच हाय. सोयाबीनले काय मालूम की त्याच्या शेंगांचा आवाज कोणाच्या पोटात कुठं जाऊन बसते.

मामाजी पळत आले. पासष्टीचा माणूस, अनवाणी, ढेकळातून. हातातला विळा कुठं टाकला ते त्यायलेच आठवत नाही, मंग दोन दिवसांनी भेटला. ते चाकापाशी उकिडवे बसले, बंडीच्या खिशातून पक्कड काढली अन् तार कापायले लागले. एक. दोन. ईशूच्या पाठीवर माहा हात, अन् प्रत्येक तार तुटली की तिच्या पाठीतून मले कळे. तिसरी तार कापली तवा पाय सुटला. मी पाय नाही पाहला. मामाजीनं डोक्याचा शेला सोडून गुंडाळला, तो पांढरा होता.

शेला बांधता बांधता त्याइनं चाकाकडं पाहलं अन् म्हणाले, "जाळी कुठी गेली वो माय?"

मी म्हणाली, "तुटून पडली मामाजी. काल. रस्त्यात कुठीतरी."

असं निघालं तोंडातून. लेकरू तिथं रडून राह्यलं अन् मी अर्ध्या सेकंदात खोटं बोलली, इतकं सोपं, जसं कोणी आतून तयार करून ठेवेल होतं. मामाजी जरा वेळ चाकाकडंच पाहत राह्यले. मंग म्हणाले, "म्याच ढिली बांधली असन." अन् पोरीले उचलून चालायले लागले.

हे मले सांगायचं होतं. बाकी सारं याच्याच मागंपुढं हाय.

आमच्या गावात मामाजीच्या हाताले नाव होतं. बादलीचा कान निघाला, गाडीची साखळी तुटली, चाळणी फाटली, कुंपणाची तार ढिली पडली, माणसं मामाजीकडं येत. ते ना लोहार ना सुतार, त्यायची नुसती एक पक्कड, लाल मुठीची, त्या मुठीचा रंग अंगठ्याच्या जागी उडून गेलेला. लोक म्हणत, या माणसानं बांधेल तार गावाबाहेर जाऊनही सुटत नाही. मी नवी नवी आली तवा ओसरीत बसून ते मले सांगत, तार तुटली का कापली ते कसं ओळखावं. म्हणे, "तुटेल तार टोकाले बारीक होते, जशी सुई. कापेल तार चपटी राहते, चिमणीच्या चोचीवानी. तार खोटं नाही बोलत वो माय." मले तवा हसू आलं. सासरा असून सुनेले तारा शिकवते.

सायकल माह्या नणंदेची, पूजाची. तिले नवव्या वर्गात शाळेतून भेटली होती. मी माहेरी, पिंपळगाव राजाले, आठवीतच शाळा सोडली, म्हणजे सोडवली, म्हणून मले सायकल नाही भेटली. पण चालवणं येत होतं, बाबाची मोठी सायकल नळीतून पाय घालून शिकली होती मी. पूजा लग्न होऊन गेली अन् सायकल कोठ्यात गायीच्या बाजूले उभी राह्यली. ईशू झाली तवा मामाजीनं ती बाहेर काढली, धुतली, चैनीले तेल दिलं, अन् मागच्या चाकाले साडीची जाळी बांधली. नवी. अकरा ठिकाणी तार पिळून. मले म्हणाले, "आता दवाखान्यात जायले कोणाची वाट नोको पाहू."

मंग नंदाताईचा समुद्र आला.

नंदाताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका, पन्नाशीच्या, तीन गावं सायकलवर फिरत. चिखलीच्या एक मॅडम त्यायच्या ओळखीच्या, गेरची सायकल चालवणाऱ्या. त्या दोघीनं मिळून ठरवलं, यंदा कोजागिरीले बायांची सायकल समुद्रावर न्यायची. इथून टेम्पोत सायकली टाकायच्या, एक दिवस प्रवास, घाट उतरला की संध्याकाळी सायकलीवर बसायचं, रातभर चांदण्यात चालवायचं, सकाळी समुद्र. आम्ही नऊ बाया. नऊमंधून एकीनंही समुद्र पाहेल नव्हता, मॅडम सोडून.

अंगणवाडीच्या ओट्यावर बसलो होतो, मॅडम सांगून राह्यल्या. शेजारची वंदना मंधीच म्हणाली, "म्हणजे सकाळी समुद्रातून सूर्य निघताना दिसन!"

मॅडम हसल्या. "समुद्र मावळतीकडं हाय आपला. सूर्य मागून येईल. पाठीकडून."

"मागून म्हणजे कुठून?"

"इकडून. बुलढाण्याकडून."

"घ्या!" वंदना म्हणाली. "इतकं तंगड्या तोडून जायचं अन् सूर्य आपल्याच गावाचा!"

लय हसलो. मले मात्र ते मनात राह्यलं. की इतक्या दूर उभं राह्यलं तरी आपला सूर्य मागून आपल्याले पाहायले येईन.

माहे हे, म्हणजे ईशूचे पप्पा, सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरवर असतात, गावोगाव. त्यायले विचारायले मी आठ दिवस लावले. जेवता जेवता सांगतलं. ते ताटातून वर न पाहता म्हणाले, "जाय. पण पोरीले काही झालं तं पाहजो." बस, एवढंच. आत्याबाई, माह्या सासूबाई, चुलीजवळून म्हणाल्या, "पाणीच पाहायचं तं धरणावर जाय ना, तिथंही लय पाणी हाय, अन् संध्याकाळी घरी येतं." मामाजी हात धुवून उठले अन् जाता जाता सायकलच्या टायरावर अंगठा दाबून पाहला.

ते पंधरा दिवस. मले आता वाटते तेवढेच दिवस मी कोणाची सून, कोणाची माय नव्हती, नुसती दम लागेल एक बाई होती. पहाटे नळ यायच्या आत फाट्यापर्यंत जाऊन परत. पहिल्या दिवशी ड्रेस घातला तं पारावरचे बुढे म्हणाले, "कुठी निघाली वो वरात?" नंदाताई सायकलवरूनच म्हणाल्या, "नवरदेव पाहायले चाललो, तुम्ही पसंत नाही पडले." मांड्या इतक्या दुखत की चुलीपुढं बसलं तं उठवत नव्हतं. एका घमेल्यात पाणी घेऊन सगळ्या बाया ट्यूब दाबून बुडबुडे पाहायच्या, पंचर शोधायले, अन् ज्या बाईच्या ट्यूबातून बुडबुडा निघे तिले सगळ्या टाळ्या. मले बूट नव्हते. दीराचे जुने होते, मोठे. आमच्या वावरातला पहिला कापूस निघाला होता तवाच, सीतादहीचा, दह्याभाताचा निवद दाखवून वेचलेला, त्यातला मूठभर म्या गुपचूप बुटाच्या टोकात कोंबला. इतकं मऊ की पाय ठेवला तं लाज वाटली.

अन् भीतीही होती. खोटं कायले बोलू, ती पहिल्यापासून होती. रातच्या रस्त्याची नाही, घाटाची नाही. पोरगी माह्याशिवाय एक रात कशी झोपन, उठून मले शोधन, तवा मी कुठी असन, या भीतीचं गाठोडं पोटात घेऊनच मी पायडल मारे. म्हणूनच पोरीले संग घ्यायले लागली मी. मॅडमनं सांगतलं होतं, कॅरियरवर वजन बांधून सवय करा, सामान राहीन. बाकीच्या बायांनं सोयाबीनच्या पिशव्या बांधल्या. मी ईशूले बसवलं. ती चार वर्साची, बारा किलोची. ती मागून माह्या ड्रेसले धरून विचारे, "समुद्र आला का?" मी म्हणे, "हे काय, फाटा आला." ती म्हणे, "बरं."

मॅडमनं अजून एक सांगतलं होतं. जितकं वजन कमी तितकं बरं, जे लागत नाही ते काढून ठेवा. त्यावर लय गंमत झाली. कोणी म्हणे घंटी काढते, कोणी म्हणे बास्केट. वंदना म्हणाली, "मी नवराच काढून ठेवते घरी, ऐंशी किलो कमी." मंग एकीनं माह्या सायकलीकडं पाहून म्हटलं, "हे जाळं कायले ठेवलं? ड्रेसवर चाललो ना आपून, साडी कुठी हाय?" सगळ्या म्हणाल्या, खरंच की. मलेही खरं वाटलं. जाळी साडीसाठी असते. नावच साडीची जाळी. पदर जाऊ नये म्हणून. पदर नाही, तं जाळी कायले. लेकराचा पाय ना माह्या मनात आला, ना त्या आठ बायांच्या, अन् आम्ही नऊही जणी माया होतो.

दुपार होती. मामाजी ओसरीत बाजेवर झोपले होते, बंडी खुंटीले. म्या बंडीच्या खिशातून पक्कड काढली. अकरा ठिकाणच्या तारा. प्रत्येक तार तटकन वाजे अन् मी मामाजीकडं पाहे. त्यायचा श्वास बदलत नव्हता. उठवून विचारलं असतं तं काय झालं असतं? ते नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही. त्याइनं अकरा ठिकाणी पिळेल तार मी त्यायच्याच पक्कडीनं कापून राह्यली, हे मले तवा कळत होतं, अन् तरी हात चालूच होता. जाळी निघाली, सायकल हातात उचलून पाहली, हलकी लागली. खरंच हलकी लागली का मले हलकं वाटलं, सांगता नाही येत. जाळी कोठ्यामागच्या खोलीत, जनावराच्या कुटारात, सोयाबीनच्या भुशात, खुपसली. परत आल्यावर बांधून टाकू, असा इचार केला. तार काय, पिळली की झाली.

दुसऱ्याच दिवशी चाक थांबलं.

चिखलीच्या दवाखान्यात जीपमंधून नेलं. टाचेचं मांस निघून मागं लोंबत होतं, घोट्याजवळचं बारीक हाड मोडेल होतं. डॉक्टरनं शिवलं, पलस्तर घातलं, अन् बाहेर येऊन विचारलं, "सायकलले जाळी नव्हती का?"

हे तवाच थ्रेशर सोडून पळत आले होते, अंगावर भुसा, पापण्यायवर पण भुसा. माहं तोंड उघडलं. पण मामाजी आधी बोलले. "म्या बांधली होती साहेब. ढिली राह्यली. तुटून पडली रस्त्यात."

पक्कड अजून त्यायच्या हातात होती. पांदणीतून निघाल्यापासून तशीच धरेल.

ह्यायनं बापाकडं पाहलं. माह्याकडं पाहलं असतं तं बोलले असते, मले मालूम हाय काय बोलले असते. पण बापाले काय बोलणार. बाहेर जाऊन बसले. आत्याबाई बोलल्या. आत्याबाईनं मामाजीले तिथं सगळ्यायपुढं म्हटलं, "साऱ्या गावाच्या तारा बांधता अन् स्वतःच्या नातीची ढिली सोडली!" मामाजी खाली पाहून ऐकत राह्यले. मी भिंतीले टेकून उभी होती. भिंत गार होती. अजूनही मले वेळ होता. माणसाले वाटते खोटं एकदा बोललं की संपलं. तसं नाही. ते रोज परत बोलावं लागते, गप राहून.

घरी आल्यावर मामाजीनं पक्कड धुतली, पुसली, देवळीच्या वरच्या खुंटीले टांगली. मंग हात नाही लावला. शेजारचे शेषराव बुवा कुंपणाची तार घेऊन आले तं म्हणाले, "माह्यानं नाही होत आता. दुसऱ्याकून करून घे बापा." शेषराव बुवानं मले विचारलं, "काऊन वो, बुढ्याले काय झालं?" मी म्हणाली, हात दुखते. अजून एक खोटं. हळूहळू लोक यायचे थांबले. ज्या घरात रोज कोणी बादली घेऊन, कोणी चाळणी घेऊन ये, त्या ओसरीत आता नुसता पंखा फिरे.

कोजागिरीले त्या आठ जणी गेल्या. ईशू दुधासाठी जागी होती, पलस्तरातला पाय उशीवर, पाय खाजते म्हणून मी फुटपट्टी आत घालून खाजवत होती. पहाटे नंदाताईचा व्हिडिओ कॉल आला. काहीच दिसत नव्हतं, काळं अन् त्यात पांढरी रेघ, अन् फोनमंधून नुसता वारा. वारा अन् वंदनाचं ओरडणं, "वो माय, वो माय, वो माय!" मंग उजेड झाला तवा नंदाताईनं फोन फिरवला. आठही जणी समुद्राकडं पाठ करून उभ्या. सगळ्यायचे तोंडं आपल्याकडं. सूर्य पाहून राह्यल्या होत्या.

ईशू म्हणाली, "त्या आपल्याकडं काऊन पाहतात?"

नंदाताईनं बाटलीत समुद्राचं पाणी आणलं माह्यासाठी. आत्याबाईनं ते तीर्थ म्हणून देवाजवळ ठेवलं. ईशूनं एक दिवस बोट घालून चाटलं अन् थुंकलं, "रडल्यावानी लागते."

पलस्तर निघालं. पाय बरा झाला, म्हणजे चालते. टाचेवर अर्ध्या चंद्रावानी वण हाय, घोटा पुरा वाकत नाही, पळताना ती जराशी डावीकडं झुकते. अनोळखी माणसाले दिसत नाही. मले तिच्या पावलाचा आवाजही कळते, एक जड, एक हलकं.

अन् कुटार उतरत गेलं. हे कोणाले सांगण्यासारखं नाही, पण वरीसभर मी त्या ढिगावर नजर ठेवून होती. जनावरं रोज खातात, ढीग रोज खाली येते. दिवाळीले छातीइतका, संक्रांतीले कमरेइतका, उन्हाळ्यात गुडघ्याइतका. जितका ढीग खाली येई तितकी मी जाळी अजून आत सरकवे, कोपऱ्यात, भिंतीजवळ. गायीले पाटी भरून कुटार टाकताना मले वाटे, ही गाय माहंच काहीतरी उघडं करत चालली, घास घास करून.

आता या हप्त्यात नवं सोयाबीन निघन. नवं कुटार भरायले खोली खाली करावी लागते.

चार दिवसांपूर्वी नंदाताई आल्या. म्हणाल्या, "यंदा येतं का? कोजागिरीले परत चाललो." मी म्हणाली, "नाही ताई, माह्यानं नाही होत." बोलल्यावर मले कळलं की हे तं मामाजीचे शब्द हायेत. ईशू ओसरीतून ओरडली, "मम्मी जाते! मी मागं बसते, समुद्रापर्यंत!" मामाजी बाजेवर बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी सायकल बाहेर काढली. वरीसभर कोठ्यात होती, मागच्या चाकाच्या तीन तारा नाहीत, अंगावर शेणाचे शिंतोडे. धुवायले बसली. ओल्या चिंध्यानं मडगाडच्या खालून पुसत होती तं बोटाले टोचलं. तारेचा तुकडा. मी जाळी काढली तवा पिळेल तारायचे तुकडे जिथल्या तिथं राह्यले होते, मडगाडले, दांडीले. मी ते काढलेच नव्हते. मोजले. अकरा. प्रत्येकाचं टोक चपटं. चिमणीच्या चोचीवानी.

मी तशीच बसून राह्यली, चिंधी हातात. त्या दिवशी पांदणीत मामाजी याच चाकापाशी बसले होते. त्यायचे डोळे या टोकायपासून वीतभर होते. नवीन कापेल, चकाकणारी टोकं, त्यायच्याच पक्कडीची. साऱ्या गावात ज्याले तुटेल अन् कापेल तार अंधारातही कळते तो माणूस. त्याइनं मले विचारलं, जाळी कुठी गेली. मी म्हणाली, तुटली. अन् ते जरा वेळ चाकाकडं पाहत राह्यले. मले वाटलं होतं ते मले खरं मानून राह्यले. ते ठरवून राह्यले होते.

म्हणजे डॉक्टरपुढं ते माह्या आधी बोलले ते काऊन, ते आता कळलं. आत्याबाईचं ऐकून घेतलं ते काऊन, तेही. फक्त पक्कड खुंटीले काऊन टांगली ते नाही कळलं. मले वाचवायले एवढं करायची गरज नव्हती. का ज्या हातानं खोटी साक्ष दिली त्या हातानं खरी तार बांधवत नव्हती? का वाट पाहत होते? मले नाही सांगता येत. विचारायची हिंमत नाही.

आज संध्याकाळी सगळे ओसरीत होते. आत्याबाई शेंगा निवडत, हे हात धुवून टॉवेलनं पुसत, ईशू सायकलच्या कॅरियरवर चढून बसेल, सायकल स्टँडवर. मामाजी बाजेवरून उठले. सायकलीजवळ गेले. ईशूचा डावा पाय हातात घेतला, टाचेवरून अंगठा फिरवला, अन् कोणाकडंच न पाहता म्हणाले, "पोरगी मागं बसायचं सोडत नाही. जाळी बांधून देतो." मंग माह्याकडं पाहलं. "पक्कड दे वो माय खुंटीवरची. अन् जाळी आण, असन तिथून."

आत्याबाई म्हणाल्या, "कोणती जाळी? ती तं रस्त्यात पडली ना?"

मामाजी ईशूचा पाय हातात धरूनच उभे राह्यले. ह्यायनं टॉवेल खाली घेतला अन् माह्याकडं पाहलं.

मी खुंटीवरची पक्कड काढली. वरीसभराची धूळ होती, मुठीवर अंगठ्याची जागा तेवढी गुळगुळीत. ती त्यायच्या हातात दिली. मंग कोठ्यामागं गेली. अंधार होता, कुटाराचा वास, पावलापुरताच ढीग राह्यलेला. कोपऱ्यात हात घातला तं जाळी लागली. गार. मी ती धरून उभी राह्यली. आणली तं बाप अन् लेक, सासू अन् सून, सगळ्यायपुढं सगळं येते, मामाजीचं खोटंही माह्या संगच उघडं पडते. ज्यानं वरीसभर सारं आपल्या अंगावर घेतलं त्यालेच लेकापुढं खोटं पाडायचं. नाही आणली तं तो माणूस पक्कड घेऊन तिथं उभा हाय.

ओसरीतून ईशू ओरडली, "मम्मी, भेटली का?"

मी म्हणाली, "अंधार हाय. उद्या पाहते."

मामाजीचा आवाज आला, "हाव. उद्या."

परत आली तवा पक्कड खुंटीले नव्हती. त्याइनं बंडीच्या खिशात ठेवली होती.

उद्या थ्रेशर येते. सकाळीच खोली खाली होईन. मी भाकरी टाकून, पोरीले झोपवून हे लिहायले बसली. तुम्ही माह्या जागी, त्या अंधारात, ती जाळी हातात धरून उभ्या असत्या, तं काय केलं असतं?